आलेच

ती बाई आपल्याकडे बघते आहे, हे रुम्यानाला बसमध्ये चढल्या चढल्याच कळलं होतं. काळा रुमाल, काळा कोट, मांडीवर कापडी पिशवी. सकाळच्या या बसमध्ये निम्मी माणसं हॉस्पिटलला निघालेली असतात आणि निम्मी दफनभूमीला, आणि दोन्हीकडची माणसं नर्सला गणवेशावाचूनही ओळखतात, हातांना येणाऱ्या स्पिरिटच्या वासावरून म्हणा, उभ्या उभ्या डुलकी काढायच्या पद्धतीवरून म्हणा. रुम्यानाने खिडकीबाहेर बघायचं सोंग घेतलं. ओळख निघाली की पुढचं ठरलेलं असतं: सिस्टर, डॉक्टरांना जरा आमचं सांगाल का, सिस्टर, आईला खाट मिळेल का, सिस्टर, ही गोळी जेवणाआधी की नंतर. ड्यूटी सुरू व्हायला अजून थोडा अवकाश होता आणि तेवढा वेळ तरी ती कुणाची सिस्टर नव्हती. पण बाईने काही मागितलंच नाही. ती उठून जवळ आली, पिशवीतून झाकणाचा प्लास्टिकचा पेला काढला आणि रुम्यानाच्या हातात ठेवला. आत उकडलेले गहू, वर पिठीसाखर, अक्रोडाचे तुकडे. "घ्या," ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याचे आज चाळीस दिवस." "देव त्यांना क्षमा करो," रुम्याना म्हणाली, कारण मयताचे गहू हातात पडले की हेच म्हणायचं असतं. बाईने मान हलवली. मग तितक्याच सरळ आवाजात, गव्हात साखर कमी पडली असेल असं सांगावं तसं, ती म्हणाली, "तुम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर ना? त्यांना तुम्ही 'आलेच' म्हणाला होतात." दफनभूमीचा स्टॉप आला, दार उघडलं, बाई पिशवी सांभाळत उतरली. फुलवाल्या बायकांच्या बादल्यांमधून वाट काढत ती फाटकाकडे गेली. एकदाही तिने मागे वळून पाहिलं नाही.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिव्यांची रुम्यानाला सवय होती, शिव्या सपातांबरोबर काढून ठेवता येतात. एका माणसाने तर तिच्या अंगावर सूपाचं ताट फेकलं होतं आणि संध्याकाळी तिने पोळलेल्या हाताला दही लावत ते नवऱ्याला हसून सांगितलं होतं. पण हे काय होतं? हा आरोप होता की निरोप? कोण होता हा नवरा? नाव विचारायचंसुद्धा सुचलं नाही आपल्याला. देव त्यांना क्षमा करो म्हणून मोकळी झाले, त्यांना म्हणजे कुणाला? चाळीस दिवसांपूर्वी तिसऱ्या मजल्यावर कोण होतं? ती डोळे मिटून खाटा आठवायला लागली. खाटा आठवत होत्या, सगळ्याच्या सगळ्या. कुठली करकरते, कुठलीची कळ मोडलीय, कुठलीच्या डोक्यावरचा दिवा लागत नाही. माणसं मात्र आठवेनात. जबडे आठवले, शिरा आठवल्या, एक काखेतला तीळ आठवला. आणि 'आलेच' तर काय, ते तिने सगळ्यांनाच म्हटलेलं होतं. दिवसातून किती वेळा म्हणते ते कोण मोजणार? श्वास मोजतं का कुणी?

हा शब्द तिला शिकवलेला होता. नर्सिंगच्या शाळेतून कडक इस्त्रीची टोपी घालून ती या हॉस्पिटलात पहिल्यांदा आली तेव्हा हेड सिस्टर होती कासाबोवा बाई, रुंद हाडाची, ओठावर बारीक लव, चालली की बरण्या किणकिणायच्या. "पोरी," कासाबोवा बाईने सांगितलं होतं, "पेशंटला 'थांबा' कधी म्हणायचं नाही. 'थांबा' म्हटलं की आपण एकटे आहोत हे माणसाला कळतं. 'आलेच' म्हणायचं. आणि यायचं." तेव्हा वॉर्डात पोरीच पोरी होत्या. एक 'आलेच' म्हणाली आणि अडकली, तर दुसरी तिच्या शब्दाखातर जायची, जाता जाता चिमटा काढायची, 'तुझं येणं मी येऊन आले गं.' शब्द कुणाचाही असो, तो खरा व्हायचा. मग एकेक जण गेली. कुणी राजधानीत, कुणी खाजगीत, कुणी बाळंतपणाला गेली ती परत आलीच नाही. पोल्या जर्मनीला गेली. तिथून ती फोटो पाठवते, पेशंटच्या खाटेशेजारी खुर्चीत बसलेली, चक्क बसलेली. 'रुमे, इथे पेशंटशी बोलायला वेळ देतात, ये ना तू पण.' रुम्यानाने एक हिवाळाभर जर्मनचे धडे गिरवलेसुद्धा. ड्यूटीवरून आलं की पुस्तकावरच झोप लागायची, गालावर अक्षरं उमटायची. शेवटी नवरा म्हणाला, "जाऊ दे की, तू गालानेच शिकतेयस." त्यावर दोघंही हसली आणि पुस्तक कपाटावर गेलं. तिला राग यायला हवा होता कुणाचा तरी. पण राग यायलासुद्धा जरा बसावं लागतं.

हॉस्पिटल मात्र वाढतच चाललं होतं. जुन्या इमारतीला नव्या इमारती चिकटल्या, निळ्या काचा लागल्या, लिफ्टमध्ये एक बाई गोड आवाजात मजला सांगायला लागली. "काचा लावायला पैसा आहे, माणसं लावायला नाही," गिंका मावशी म्हणायची. गिंका मावशी दोनदा निवृत्त झालेली नर्स. दोन्ही वेळा केक कापला, दोन्ही वेळा रडारड झाली आणि दोन्ही वेळा पुढच्या आठवड्यात हेडबाई दोनेवा मॅडम तिच्या दारात हजर, 'गिंके, उन्हाळ्यापुरती ये.' कुठला उन्हाळा ते कुणी बोललं नव्हतं. आज सकाळी वॉर्डात होत्या त्या या दोघी, रुम्याना आणि सुजलेल्या घोट्यांची गिंका मावशी, आणि सफाईला फात्मे. तिसरी पोरगी आजारी असल्याचा फोन आलेला. "आजारी कसली," गिंका मावशी म्हणाली, "मुलाखतीला गेलीय ती, लाल बूट घालून. मी पाहिलं ना काल." मग तिची नजर पेल्यावर गेली. "कोण गेलं गं?" "माहीत नाही." "अगं, गहू कुणाचे ते माहीत नाही?" "बसमध्ये एका बाईने दिले. म्हणाली, तुम्ही माझ्या नवऱ्याला 'आलेच' म्हणाला होतात." गिंका मावशी बुटाची नाडी बांधत राहिली. "मग? म्हणालीस तर म्हणालीस. मी माझ्या सख्ख्या बहिणीला म्हणाले होते. ती तरी कुठे थांबली?" आणि ती मोजे वर ओढत निघून गेली. फात्मेने पोछा भिंतीला टेकवून पेला हातात घेतला, फिरवून पाहिला. "सिस्टरबाई, हे काय? मयताच्या गव्हाला मार्ता आजीचा दोरा?" खरंच की. झाकण सुटू नये म्हणून पेल्याभोवती लाल-पांढरा दोरा गुंडाळलेला होता, बारकी गाठ मारून. पहिल्या मार्चला, वसंत आणणाऱ्या मार्ता आजीच्या नावाने, वर्षभर ठणठणीत राहावं म्हणून सगळं गाव एकमेकांच्या मनगटाला बांधतं तसला. आता एप्रिल लागून किती दिवस झाले. करकोचे येऊन घरटी करून बसले, झाडं फुलली, लोकांनी आपापले दोरे काढून फांद्यांना अडकवले. खाली हॉस्पिटलच्या अंगणातलं आलुबुखाऱ्याचं झाड तर पेशंटांच्या दोऱ्यांनी नुसतं भरून गेलं होतं. "घरात दुसरा दोरा सापडला नसेल बिचारीला," रुम्याना म्हणाली. "फात्मे, मार्चच्या सुरुवातीला इथे कोण गेलं, आठवतं का तुला?" फात्मेने डोळे वर केले. "कुणाकुणाला आठवू, सिस्टरबाई? खाट पुसते, तोवर दुसरा आडवा झालेला असतो." पहिली बेल वाजली. रुम्यानाने पेला खिडकीत ठेवला आणि ओठावर आलेला शब्द दातांखाली दाबून धरला. आज हा शब्द बोलायचा नाही, तिने ठरवलं. कानाला खडा. जे खरं तेच सांगायचं. आणि दिवसभरात तो माणूस आठवायचाच, त्याशिवाय त्या गव्हाला तोंड लावायचं नाही. इतकं तर आपल्या हातात आहे ना?

खरं बोलणं इतकं अवघड असेल असं तिला वाटलं नव्हतं. दोन नंबरच्या खोलीतल्या शिक्षकीणबाईंनी लघवीचं भांडं मागितलं. हातात इंजेक्शनं घेतलेली रुम्याना दारातून म्हणाली, "बाई, आधी तीन खोल्यांत जायचंय. बराच वेळ लागेल मला." शिक्षकीणबाईंचा चेहरा पडला. "बराच म्हणजे?" "तुम्हाला धरवणार नाही इतका." शिक्षकीणबाई रडायलाच लागल्या. काल हेच भांडं याहून उशिरा मिळालं होतं, पण काल रुम्याना 'आलेच' म्हणाली होती आणि काल त्या रडल्या नव्हत्या. पाच नंबरमधल्या टॅक्सीवाल्याने सलाईन संपत आल्याचं ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "संपू दे, काही होत नाही, मला लगेच येता यायचं नाही." तो तोंडावर पांघरूण घेऊन पडला आणि मग बायकोला फोन करून, इथून मला घेऊन जा, हे लोक मला मारायला टपलेत, असं सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत राहिला. चार नंबरमध्ये खिडकीजवळ स्लावीकाका होते, डोंगराकडच्या गावचे, जवळजवळ ऐंशीचे, पोट उघडून शिवलेलं, तरी जीभ शाबूत. त्यांना उशी वर करून हवी होती. "स्लावीकाका, आत्ता नाही जमणार. दुपारी बघते, तेव्हाही जमेल असं नाही." काका म्हणाले, "काय गं सिस्टर, नवऱ्याशी भांडून आलीयस का?" "नाही हो. खरं सांगतेय." "खरं कशाला सांगतेस? खरं मला दिसतंय की, दाराबाहेर बेलांचे दिवे लुकलुकतायत. रोजच्यासारखं 'आलेच' म्हण. तू 'आलेच' म्हणालीस की मी आपला दाराकडे बघत पडतो. माणसाला बघायला काहीतरी लागतं ना." ती हसली. बघायला काहीतरी लागतं. म्हणजे तोही बघत पडला असणार, तो चाळीस दिवसांवाला, दाराकडे. किती वेळ? आणि काय हवं होतं त्याला? पाणी? कळ थांबवायची सुई? श्वास कोंडला होता का त्याचा? तिच्या हातातली सुई त्या क्षणी कुणाच्या दंडात होती कोण जाणे, आणि 'दुखतंय' असं कुणीतरी म्हणालं.

न्याहारीनंतर दोनेवा मॅडमने बोलावलं. दोनेवा मॅडम वाईट नव्हत्या, तीच तर पंचाईत होती. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं होतं, त्याही कधी काळी कासाबोवा बाईच्या हाताखालून गेलेल्या. "रुमे, काय चाललंय? दोन नातेवाईक येऊन गेले. म्हणे, सिस्टर पेशंटला सांगते की मी येणार नाही." "मॅडम, मी येणारच नव्हते. दोघीच आहोत आम्ही." "मला माहीत नाही का दोघीच आहात ते? मी काय माणसं जन्माला घालू? वर सांगते, वरचे आणखी वर सांगतात. तुला एवढंच सांगते, गोड बोल. गोड बोलायला जास्तीची माणसं लागत नाहीत." रुम्यानाला एकदम वाटलं की टेबलावरचा तो काचेचा पेपरवेट उचलावा आणि खिडकीवर फेकावा, निळी काच खळकन फुटावी, खाली अंगणात माणसांनी माना वर कराव्यात. मग तिला वाटलं की काचा गोळा करायला फात्मेलाच यावं लागेल. ती म्हणाली, "बरं, मॅडम." दोनेवा मॅडमने नजर खाली वळवली आणि हळूच म्हणाल्या, "संपानंतर तर वरचे कुणाचं काही ऐकतच नाहीत. हसतात मला."

संप! त्याची आठवण नको म्हणून तिने ती किती खोल ढकलून दिली होती. आपल्याकडे नर्सने संप करायचा तर काम थांबवायचं नाही. पेशंट सोडून जायचं नाही. संपाची फीत आपली हाताला बांधायची आणि भांडी उचलायला लागायचं. असला संप. तरी हिवाळाभर त्याच्या बैठका झाल्या, तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्रांच्या घरघरीत. युनियनचा वेल्चेव म्हणाला, "पहिल्या मार्चला करू. त्या दिवशी सगळं गाव मनगटाकडे बघत असतं. आपण रुंद फीत बांधू, पांढरी, लाल काठाची. कुणाची नजर चुकणार नाही." काय टाळ्या पडल्या होत्या! गिंका मावशी तर म्हणाली, या वेल्च्याच्या डोक्यात कधी नव्हे ते उजाडलं. आणि पहिल्या मार्चला सकाळी सगळ्या जणी फिती बांधून आल्या, छाती पुढे काढून, आणि पहिल्याच पेशंटने तोंडभर हसून म्हटलं, "मार्ता आजी पावली म्हणायची! केवढा हा दोरा, सिस्टर!" दुसरा म्हणाला, हॉस्पिटलने दिला वाटतं, आम्हालाही द्या की. कुणाकुणाला सांगणार की हा दोरा नाही, हा संप आहे? मधल्या वेळात टीव्हीवाले आले म्हणून निरोप आला, दहा मिनिटं सगळ्या जणी खाली या. तीस वर्षांत पहिल्यांदा रुम्याना पेशंट जागे असताना वॉर्ड सोडून खाली उतरली. आलुबुखाऱ्याच्या झाडाखाली त्या रांगेत उभ्या राहिल्या, झाडाला अजून कळीही नव्हती, थंडीने दात वाजत होते. आणि कॅमेरा लागायच्या आत मोठे डायरेक्टर आले, लांब कोट, हातात दोऱ्यांचा जुडगा. काय तो माणूस हसला! रांगेतल्या एकेकीचं मनगट हातात घेऊन, फितीशेजारी आपल्या हाताने दोरा बांधत गेला. 'माझ्या मुली, मार्ता आजी तुम्हाला ठणठणीत ठेवो.' मार्ता आजीचा दोरा कुणी बांधत असताना हात मागे घेता येतो का? अवलक्षण ते. कुणीच घेतला नाही. वेल्चेवनेसुद्धा नाही. त्या रात्रीच्या बातम्यांत दाखवलं, अमुक हॉस्पिटलात कर्मचाऱ्यांसोबत आनंदात सण साजरा. नवरा म्हणाला, "अगं, तू दिसलीस! छान दिसलीस." संपाचं नावही कुणी घेतलं नाही. रुम्यानाने त्या रात्री फीत कापून कचऱ्यात टाकली आणि दोरा मात्र टाकवला नाही, अवलक्षण म्हणून. तो तिने करकोचा दिसेपर्यंत मनगटावर वागवला.

दुपारी चार नंबरमध्ये ती गोळ्या द्यायला गेली तेव्हा स्लावीकाका डाव्या हाताने उजव्या बाहीशी झटापट करत होते. हाताच्या पाठीवर सलाईनची सुई होती, त्यामुळे बोटं वाकत नव्हती. "बघ ना सिस्टर, बाहीचं बटण. आयुष्यभर मेंढ्या कातरल्या आणि आता एका हाताने एक बटण लागेना. एका हाताने माणसाचं काय काय होत नाही बघ." बाहेर दोन बेला वाजत होत्या. तिच्या जिभेवर तो शब्द आला, नेहमीसारखा, गुळगुळीत. तिने तो गिळला. गोळ्यांचं ताट बाजूला ठेवून ती खाटेच्या कडेला बसली, बसलीच, आणि त्यांचं मनगट आपल्या मांडीवर घेतलं. आणि बटण काजात जाता जाता तिला आठवलं. ही खाट. ही खिडकी. असाच एक हात, सुई टोचलेला, तिच्यापुढे धरलेला, आणि दुसऱ्या हाताची मूठ. मोठा, टकला, गप्प माणूस. सकाळपासून त्याने बेलसुद्धा वाजवली नव्हती. ती घाईघाईने दारातून चालली होती, खाली टीव्हीवाले आले होते, लिफ्ट अडवून धरून गिंका मावशी ओरडत होती, 'रुमे, चल ना गं, संप निघून जाईल!' आणि तो म्हणाला होता, "सिस्टर, एवढं जरा..." आणि मूठ उघडत होता. तिला वाटलं सलाईनचं काहीतरी. तिने नळीकडे बघितलं, थेंब नीट पडत होते. 'आलेच,' ती म्हणाली. पळाली. दहा मिनिटांनी वर आली तेव्हा दुसऱ्या खोलीत कुणीतरी पडलं होतं, मग जेवणं आली, मग नवा पेशंट भरती झाला, मग संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी. तिसऱ्या दिवशी या खाटेवर दुसराच माणूस होता, आणि खाट भरलेली असली की आधी कोण होतं ते कुणी विचारत नाही. मुठीत काय होतं? तिने बघितलंच नव्हतं. पण आता तिला दिसलं. मुठीबाहेर लोंबणारं टोक, लाल आणि पांढरं.

"सिस्टर," स्लावीकाका म्हणाले, "लागलं की बटण. सोड आता, बाहेर बोंबलतायत." तिने त्यांचा हात सोडला नाही. "काका, बायकोने पाठवलेला दोरा स्वतःच्या मनगटाला स्वतः बांधता येतो का हो?" "आपला आपण? छे. दात लावून बघितलंय मी, सैन्यात असताना. गाठ बसत नाही. आणि बसली तरी आपणच आपल्याला बांधलेल्याचा काय उपयोग? कुणीतरी बांधावा लागतो." त्यांनी तिच्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं. "का गं? रडतेयस का तू?" "नाही हो." "रड की. इथे कोण बघतंय, सगळे झोपलेत." पण बाहेर शिक्षकीणबाई हाका मारत होत्या, आणि त्या हाका तिच्याच नावाच्या होत्या, आणि बटण लावण्यात गेलेला वेळ त्यांच्या वाट्याचा होता. त्या दिवशी कुणाला तरी वेळेवर मिळालं की दुसऱ्या कुणाचं तरी ओलं होत होतं. रुम्याना पोचली तेव्हा शिक्षकीणबाईंची गादी भिजली होती. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. चाळीस वर्षं मुलांना शिकवलेली बाई. रुम्यानाने चादर बदलली, त्यांचं अंग पुसलं, केस सारखे केले. "चुकलं माझं," ती म्हणाली. शिक्षकीणबाई भिंतीला म्हणाल्या, "काल बरं होतं."

संध्याकाळी ड्यूटी संपायला आली तरी बदलीवाली आली नव्हती. नर्सांच्या खोलीत खिडकीतून पिवळं ऊन येत होतं, खाली आलुबुखाऱ्याचं झाड पांढरं झालं होतं आणि वाऱ्यावर सगळे दोरे हलत होते. ज्यांच्या मनगटाला कुणी बांधले होते त्यांचे दोरे. रुम्याना खुर्चीत बसली. पाय बुटांतून बाहेर काढले. पेला मांडीवर घेतला. बाईने तो दोरा किती दिवस जपला असेल? मुठीतून काढून दिला असेल तिला कुणीतरी, फात्मेनेच कदाचित, एका पिशवीत, चष्मा आणि सपातांबरोबर. आणि पहिल्या मार्चला फोनवर त्याने तिला सांगितलं असणार, बांधला का विचारल्यावर, 'अजून नाही. सिस्टर आलेच म्हणालीय.' पुन्हा संध्याकाळी विचारलं असणार, आणि तो म्हणाला असणार, 'येईल गं, आलेच म्हणालीय.' राग नव्हताच बाईच्या आवाजात. त्याने तक्रार केली नसेल म्हणून नव्हता. तो विश्वासाने गेला होता. रुम्यानाला वाटलं, माझ्याकडून पाण्याचा पेला चुकला असता, सुई चुकली असती, तर मी म्हणाले असते, दोघीच होतो, आम्ही काय करणार; वर सांगितलं असतं, वरच्यांनी आणखी वर. पण ही एक गाठ होती. एवढीशी. हिला ना औषध लागत होतं ना डॉक्टर. आणि ती चुकली तीसुद्धा कधी, तर आयुष्यात एकदाच मी आमच्यासाठी, आम्हा सगळ्यांसाठी, काहीतरी मागायला खाली गेले तेव्हा, आणि मागितलं ते कुणाला ऐकूही गेलं नाही. उलट डायरेक्टरने माझ्या हाताला दोरा बांधून दिला. तिला हसू आलं आणि ते तिला आवरेना, खांदे हलत राहिले, आणि मग ते हसू नव्हतंच.

तिने गाठ सोडवली, नखाने, हलकेच, दोरा तुटू नये म्हणून. झाकण काढलं. "देव क्षमा करो," ती मोठ्याने म्हणाली, त्या खिडकीजवळच्याला, नाव नसल्यामुळे. मग एक चमचा गहू खाल्ले. गोड होते, साखर मुळीच कमी नव्हती. सकाळपासून पोटात कॉफीशिवाय काही गेलं नव्हतं, त्यामुळे तिने दुसराही चमचा खाल्ला, आणि भुकेची लाज वाटली तरी तिसराही खाल्ला. मग दोरा हातात घेऊन तिने ठरवलं की हा आता असा ठेवायचा नाही. हा कुणीतरी मनगटावर घालायला हवा, आज एक दिवस का होईना, आणि मग जाता जाता झाडाला बांधायला हवा, म्हणजे तिथे त्याचाही एक होईल. तिने तो डाव्या मनगटावर टाकला आणि उजव्या हाताने गाठ मारायला गेली. दोरा घसरला. तिने एक टोक दातांत धरलं. पुन्हा घसरला. लाळेने ओला झाला, बोटांना चिकटायला लागला. दारावरून गिंका मावशी गोळ्यांची गाडी ढकलत चालली होती, घोट्यांमुळे तिरकी, स्वतःशीच पुटपुटत.

"मावशी," रुम्यानाने हाक मारली, "इकडे ये ना जरा. हे बांध मला."

"काय बांधू?" गिंका मावशी दारातून डोकावली. "अगं, एप्रिलात? वेड लागलं का तुला?"

"बांध गं. एक गाठ."

गिंका मावशीने तिच्या तोंडाकडे पाहिलं, गव्हाच्या पेल्याकडे पाहिलं आणि काय कळायचं ते तिला कळलं असावं, कारण तिचा चेहरा मऊ झाला आणि तिने गाडी भिंतीकडे वळवली. तेवढ्यात सहा नंबरची बेल वाजली. लगोलग दोन नंबरची. मग आत काहीतरी धातूचं पडलं आणि टॅक्सीवाला किंचाळला.

"आलेच हं, रुमे!" गिंका मावशी म्हणाली आणि गाडी तिथेच सोडून लंगडत धावली.

रुम्याना हात पुढे करून दाराकडे बघत बसली.